तुती की सूर्यफूल?

६ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि मला तुझं पटत नाही. शिवाय तुझ्या मुलाच्या घरी फोन लावला की सभाच भरते. सगळे कान टवकारून बसलेले.

मुद्द्याचं बोलते. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेलीस, तेव्हा "ताई, तेवढ्या माझ्या कोंबड्या बघा" म्हणालीस. बाळ आता बसायला लागलं असेल. मी बघतेय, तक्रार नाही. जन्मभर शिवणाच्या वर्गात पोरींना वठणीवर आणलं, तिथे तुझ्या कोंबड्या किस झाड की पत्ती! अंडी देतात, गल्लीतले लोक येऊन घेऊन जातात. फक्त येणारा प्रत्येक जण आधी "अंडीवाल्या काकू कधी येणार?" विचारतो आणि मग अंडी मागतो. आता काय दारावर पाटी लावू?

पण एक आहे. खुराड्यापुढचं त्यांचं जाळीचं अंगण अगदी उघडंबोडकं आहे. गवताचं पातं नाही आणि दुपारभर ऊन. गेल्या उन्हाळ्यात तू जाळीवर ओली पोती टांगायचीस. मला ती पोती नकोत, भंगाराचं दुकान वाटतं. त्यात रडूबाई आणि शिष्टा, दोघींच्या पाठीवरची पिसं जायला लागलीत. म्हणून ठरवलंय, त्या अंगणात काहीतरी लावायचं. काय लावू ते सांग. मला झाडांतलं कळत नाही म्हणून विचारतेय, असं समजू नकोस. कपाटातले गुलाबाचे चषक कोणाचे आहेत ते तुला चांगलं माहीत आहे, त्यांच्यावरची धूळ तूच पुसायचीस. पण गुलाब कोंबड्यांच्या तोंडी देण्याइतकी मी दिलदार नाही.

माझ्या डोक्यात दोन गोष्टी आहेत. सूर्यफूल लावलं तर दोन-अडीच महिन्यांत माणसाएवढं होईल, पण हंगाम संपला की कारभार आटोपला. तुती लावली तर धड सावली पडायला दोन-तीन उन्हाळे जातील, पण मग पुढे कित्येक वर्षं सावलीच सावली, वर फळं पडतील ती कोंबड्यांची चैन. आता प्रश्न असा, की दोन-तीन उन्हाळ्यांनी या कोंबड्या इथे असणार का? आणि तू? तुझा मुलगा परवा फोनवर म्हणाला, आईला आता इकडेच ठेवून घेणार. तो तुम्हा मायलेकांचा प्रश्न. मी त्यात तोंड घालणार नाही. मला फक्त काय लावायचं ते कळव.

तुझी थोरली जाऊ

*

१४ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, पत्र? अजून कोणी लिहितं पत्रं?" म्हटलं, आमच्या ताई लिहितात! आणि तेही माझ्या कोंबड्यांबद्दल! अहो, माझी एखादी कोंबडी तुमच्या गुलाबाकडे नुसती बघायला लागली तरी तुम्ही शिवणाची मोजपट्टी घेऊन धावायचात. त्या ताईंनी आता त्यांची नावंसुद्धा पाठ केलीत! दिवसभर पत्र जवळ घेऊन फिरत होते. सूर्य कुठून उगवला म्हणायचा?

तर ऐका. सूर्यफूलच लावा. जाळीवर भोपळ्याचा वेल सोडा, कडेकडेने पुदिना. कण्हेर चुकूनही नको. तुम्हाला तिची फुलं आवडतात, मला ठाऊक आहे, पण ती विषारी. कोंबडीने पान खाल्लं तर जीवावर बेतायचं. आणि लावल्या लावल्या कोंबड्यांना आत सोडू नका. रोपं हातभर होऊ द्या, बुंध्याभोवती दगड रचा, म्हणजे मुळाशी उकरता येणार नाही. तुती कशाला? दोन-तीन उन्हाळे कोण तिच्याकडे बघत बसणार?

इकडचं सांगायचं तर मुलाने मला वेगळी खोली दिलीय. भिंतींना माझ्या आवडीचा पोपटी रंग लावला, सुट्टी काढून, स्वतःच्या हाताने. सूनबाई गुणी आहे, मला पाण्याचा पेला उचलू देत नाही. मुलगा म्हणतो, "आई, खूप केलंस, आता बस झालं. त्या कोंबड्या देऊन टाक कोणाला तरी आणि इथेच राहा." मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. दोघे भाऊ गेल्यापासून त्या घरात आपण दोघीच. तुम्ही एकट्या पडाल असं मनात येतं. मग वाटतं, आमच्या ताई कसल्या एकट्या पडतायत? उलट मी नसले तर त्यांच्या गुलाबांना जागा होईल.

खरं सांगू का? इथे सगळं आहे, पण मला कोणी काही विचारत नाही. आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत जायचं तर बेकरीवाला हटकायचा, घड्याळवाला हटकायचा. कोणाची कोंबडी खुडूक होऊन बसली, कोणाची अंडं घालेना, विचारा अंडीवाल्या काकूंना. इथे लिफ्टमध्ये मी "चौथ्या मजल्यावरच्यांची आई". त्यात वाईट काही नाही. पण तिकडे मला माझा स्वतःचा मान होता, तो आठवतो.

असो. बाळ गोड आहे. तुमच्यासारखंच भुवया उंचावून बघतं.

तुमची धाकटी

*

१ मार्च

धाकटे,

तू सांगितलंस तसं केलं. रोपवाटिकेतून सूर्यफुलाची रोपं आणली, टेप लावून आणि दोरी ताणून एका ओळीत लावली. इतकी सरळ ओळ तू जन्मात पाहिली नसशील. घड्याळवाला कुंपणावरून डोकावून म्हणाला, "बाई, मशीनवर टीप मारल्यासारखी दिसतेय." भोपळा लावला, पुदिना लावला. दगडही रचले.

आता पुढचं. रोपं हातभर होईपर्यंत सोडू नका म्हणालीस. पण रडूबाईने खुराड्यात असा काही गळा काढला, की शेजाऱ्यांना वाटावं मी तिला चटके देतेय. मी दारात उभी राहिले आणि सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. मधल्या जागेतून चालायचं, ओळीला चोच लावायची नाही. हसू नकोस. माझ्या वर्गात एकदा सांगितलं की पुरायचं. मग दार उघडलं. चहा करून बाहेर येते तो ओळ गायब. शिष्टा शेवटचं रोप चोचीत धरून माझ्याकडे बघत उभी होती. कोंबड्यांना शिस्त म्हणून नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पिसांचं तर आणखीच बिघडलंय. आता एकमेकींच्या पाठी टोचतात. जनावरांच्या डॉक्टरांनी पावडर दिली, उपयोग शून्य. माझ्याकडून स्वच्छतेत कसूर नाही. रोज सकाळी मी स्वतः खराट्याने अंगण लख्ख झाडते, वाळकं पान दिसेल तर शपथ. तरी हे असं.

फुलांचं प्रदर्शन तोंडावर आलंय. यंदा मी भाग घेत नाही. झाडं विश्रांती घेतायत.

आणखी एक. बेकरीवाला विचारत होता, काकू येणार नसतील तर कोंबड्या मी नेतो. मी म्हटलं, मालकिणीला विचारून सांगते. विचारलं. काय ते कळव. तुतीबद्दल तू लिहिलंस ते समजलं.

थोरली

*

९ मार्च

ताई,

कोंबड्यांना समजावून सांगितलंत! मी पोट धरधरून हसले. बाळ घाबरून रडायला लागलं.

पण खराट्याचं वाचलं आणि कपाळावर हात मारला. अहो ताई, खराटा हाच तुमचा रोग! कोंबडीला दिवसभर काहीतरी उकरायला लागतं. पालापाचोळा, काटक्या, त्याखालचे किडे-मुंग्या. तुम्ही अंगणाचा आरसा करून ठेवलात, मग त्या बिचाऱ्या करणार काय? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. तशा त्या रिकाम्या बसून एकमेकींची पिसं उपटतात. आणि अशा उपाशी जिवांसमोर तुम्ही कोवळ्या रोपांची ओळ मांडलीत! खराटा आधी माळ्यावर टाका. वाळकी पानं मिळतील तेवढी आणा आणि घोटाभर पसरा. त्यात मूठभर दाणे फेका. मग बघा, कशा कामाला लागतात. पावडर-बिवडर काही नको. मुलाला म्हटलं, बघितलंस, मी चौथ्या मजल्यावरून कोंबडीचं दुखणं ओळखलं! तो म्हणाला, "हो आई," आणि मोबाइलमध्ये बघत बसला.

आता दुसरं. गुलाब विश्रांती घेतायत? प्रदर्शनाच्या तोंडावर? तुम्हाला ताप होता त्या वर्षीसुद्धा तुम्ही घोंगडी पांघरून फुलं घेऊन गेला होतात. ताई, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. माझ्या कोंबड्यांनी गुलाब उकरले, हो ना? जाळी कुठेतरी सुटली असणार. आणि मला लागेल म्हणून तुम्ही सांगत नाही. तुमच्या सगळ्या वर्षांची मेहनत माझ्या कोंबड्यांनी मातीत घातली. मला इथे बसवत नाही.

बेकरीवाल्याला सांगा, घेऊन जा. आजच सांगा. मी तुमच्या गळ्यात ही धोंड घालून इथे पोपटी खोलीत आरामात बसायचं, हे बरं नाही. मुलालाही सांगून टाकते, राहते इकडेच. कोंबड्याच नसल्या तर मी तिकडे येऊन तरी काय करू?

तुमची धाकटी

*

२ एप्रिल

ताई,

उत्तर का नाही? फोन वाजून वाजून बंद होतो. शेवटी घड्याळवाल्याच्या दुकानात फोन केला. तो म्हणाला, "बाई ठणठणीत आहेत, परवाच मला बोलल्या," म्हणजे रागावल्या असणार. तेवढ्याने जीव जरा खाली पडला.

रागावलात तर रागवा, पण कळवा. बेकरीवाल्याने नेल्या का? शिष्टा नव्या जागी लवकर खात नाही, तिला पहिले दिवस हातावर दाणे द्यायला सांगा.

मुलगा माझ्यासाठी पलंग करून घेतोय. लाकूड कोणतं हवं ते विचारतो. मी उद्या सांगते, उद्या सांगते करतेय. एक ओळ तरी टाका हो.

धाकटी

*

१० एप्रिल

धाकटे,

फोन मुद्दामच उचलला नाही. उचलला असता तर तोंडून नको ते गेलं असतं. पत्रंही लिहून लिहून फाडली. आज एका बैठकीत लिहून टाकते.

पहिली गोष्ट. कोंबड्या दिलेल्या नाहीत. देणार नाही. बेकरीवाल्याला सांगितलं, पुन्हा विचारलंस तर तुझ्याकडून बिस्किटं घेणं बंद.

दुसरी गोष्ट. माझे गुलाब कोंबड्यांनी उकरले? माझ्या गुलाबांना चोच लावणारी कोंबडी अजून अंड्यातून बाहेर यायचीय! गुलाब मी काढले. मी स्वतः, कुदळ घेऊन. भिंतीकडेचा सगळा वाफा. दुपारची सावली येते ती फक्त त्या भिंतीची, आणि तिथे माझे गुलाब ठाण मांडून बसलेले. कोंबड्या इकडे उन्हात. मला रोज खिडकीतून ते दिसायचं आणि रोज राग यायचा. शेवटी जाळी पुढे सरकवली आणि वाफा आत घेतला. जिथे माझा चषकवाला लाल गुलाब होता, बरोबर तिथे तुती लावली, भोवती वेगळी जाळी बांधून. तुला पहिलं पत्र टाकलं त्याच आठवड्यात खड्डा खणून झाला होता. तू सांगितलंस म्हणून सूर्यफूल लावलं, मला वाटलं म्हणून तुती लावली.

गुलाबाची झाडं मातीच्या गोळ्यासकट घड्याळवाल्याला दिली. त्याने त्यातलंच एक फूल प्रदर्शनात ठेवलं. तिसरा नंबर! माझ्या गुलाबाला तिसरा नंबर! छाटायची अक्कल नाही माणसाला. ते सांगितलं म्हणून "मला बोलल्या" म्हणाला असेल. प्रदर्शनाच्या बाई घरी चौकशीला आल्या, म्हणाल्या, "यंदा तुमचं काहीच कसं नाही?" मी त्यांना सरळ मागच्या अंगणात नेलं आणि कोंबड्या दाखवल्या. एकेकीची नावानिशी ओळख करून दिली. त्या पदर सावरत मागे मागे सरकत होत्या. मला मात्र चषक घेताना वाटायचं त्याहून बरं वाटलं.

तुझं खराट्याचं खरं निघालं. बागेतून वाळक्या पानांची पोती भरून आणली. भर गल्लीतून, डोक्यावर घेऊन, मान ताठ ठेवून. कोणीतरी म्हणालं, शिवणाच्या बाई कचरा उचलायला लागल्या. म्हटलं, हो, आमच्या धाकटीने सांगितलंय, आणि कोंबड्यांतलं तिच्याइतकं या गावात कोणाला कळत नाही. पानं पसरल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी जी धूळ उडवली, ती मी दार लावून सहन केली. मला किती जड गेलं असेल, कल्पना कर. पण टोचणं थांबलं. रडूबाईच्या पाठीवर नवी पिसं आलीत, पहिल्यापेक्षा चकचकीत. पुन्हा सूर्यफूल लावलं, ते टिकलं. जनावरांचे डॉक्टर मुद्दाम बघायला आले. त्यांना सांगितलं, चौथ्या मजल्यावरून इलाज झालाय. छाती इतकी फुगली की ब्लाउज उसवायला लागेल.

आता तिसरी गोष्ट. ही लिहायला सगळ्यात जड जातेय. तू लिहिलंस, तुतीकडे कोण बघत बसणार. ते वाचलं आणि मला वाटलं, झालं, हिचं ठरलं. मग वर लिहिलंस, कोंबड्या नसल्या तर येऊन काय करू. मी घरात आहे हे विसरलीस का गं? या घरात आजवर कोणतीच गोष्ट एकीच्याच मनाने ठरलेली नाही. पडदे कोणते, दूध कोणाकडून, दाराला रंग कोणता, सगळं आपण भांडून ठरवलं. आता मी म्हणेन तेच होतं. कोणी नाही म्हणत नाही. मला करमत नाही. लिहिलं बघ एकदाचं, करमत नाही. कोंबड्यांशी भांडून बघितलं, पण त्या उलट बोलत नाहीत.

तुझ्या मुलाने प्रेमाने खोली रंगवलीय. ती सोड म्हणायचा मला हक्क नाही. आणि मी जन्मात कोणाला "ये" म्हटलेलं नाही. माहेरच्यांना नाही, नवऱ्याला नाही. तो रुसून ओट्यावर जाऊन बसायचा, मी बसू द्यायची. तुला म्हणते. ये. कोंबड्यांसाठी नको, माझ्यासाठी ये.

तुझी ताई

*

१८ एप्रिल

ताई,

पत्र काल सकाळी आलं. स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. सूनबाई धावत आली, "आई, काय झालं? कोण गेलं?" म्हटलं, कोणी गेलं नाही गं, गुलाब गेले. आणि एकीकडे रडू, एकीकडे हसू. तिला वाटलं असेल सासूचं डोकं फिरलं.

मग दुपारी सगळ्या मजल्यावर सांगून आले. आमच्या मोठ्या जाऊबाईंनी माझ्या कोंबड्यांसाठी बक्षिसाचे गुलाब उपटले! शेजारणीला सांगितलं, समोरच्या आजींना सांगितलं, लिफ्टवाल्यालाही सोडलं नाही. त्याला काय कळलं देव जाणे, पण आता तो मला "कोंबड्यांच्या काकू" म्हणतो. जायच्या वेळी का होईना, इथेही मला नाव मिळालं.

संध्याकाळी मुलगा लाकडाचे नमुने घेऊन आला. म्हटलं, पलंग करू नकोस, मी घरी जाते. त्याचा चेहरा एवढासा झाला. "आई, इथे तुला काय कमी आहे?" म्हटलं, काही कमी नाही रे. तू केलंस तेवढं कोणाचा मुलगा करत नाही, हे मी सगळ्यांना सांगते. बाळाला बघायला येत जाईन, आले की याच खोलीत राहीन. "मग जातेस कशाला?" म्हटलं, मोठ्या काकूने बोलावलंय.

त्याला खरंच वाटेना. "मोठी काकू? ये म्हणाली? शक्यच नाही आई. ती म्हणाली असेल, तुझं तू बघ." म्हटलं, घे, तूच वाच. अक्षर ओळखतोस ना तिचं?

त्याने दिव्याखाली उभं राहून वाचलं. घड्याळवाल्याच्या तिसऱ्या नंबरापाशी मोठ्याने हसला. शेवटचा भाग त्याने पुन्हा एकदा वाचला. मग पत्राची नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आई, इतकी वर्षं मला वाटत होतं, तू तिथे एकटी राहतेस."

गुरुवारच्या गाडीचं तिकीट त्यानेच काढलं.

तुमची धाकटी